रस्त्याकडेचे तण आणि सातव्या परिशिष्टातील फट

गाजर गवताला महाराष्ट्रात ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. पीएल-४८० कराराखाली आलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर ते आले, हा समज रूढ आहे. पुण्यात त्याची नोंद १९५५ सालची, तर भारताचा या कायद्याखालील पहिला करार १९५६ चा! राजकीय टोमण्याला तारखांचे वावडे असते. गवताने मात्र पुढील पन्नास वर्षांत देश व्यापला. पक्षभेद न करता, अर्थात.

लखनौच्या दक्षिणेला कानपूर मार्गावरील सरोजिनी नगर हे या प्रश्नाचे चपखल उदाहरण ठरावे. येथे शहर संपता संपत नाही आणि गाव सुरू होता होत नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, त्याला मिळणारे रस्ते राज्याच्या लोक निर्माण विभागाचे, गल्ल्या महानगरपालिकेच्या, पलीकडचे बांध ग्रामपंचायतींच्या हद्दीत. एका रोपाला दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. वारा, पाणी आणि वाहनांच्या चाकांना लागलेला चिखल त्या सर्वत्र नेतात. त्यांना हद्द ठाऊक नाही. फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटणे हाच खात्रीचा उपाय. फुलोऱ्यानंतरच्या कापणीने बी पसरते आणि बुंध्यातून नवे फुटवे येतात. एका यंत्रणेने वेळेवर केलेले काम दुसरीच्या विलंबाने वाया जाते, ते यामुळे.

राज्यघटना या बाबतीत मौन नाही. कीडनियंत्रण राज्य सूचीत (नोंद १४) असले, तरी एका राज्यातून दुसऱ्यात होणारा फैलाव रोखणे समवर्ती सूचीत (नोंद २९) आहे. म्हणजे केंद्राला अधिकार आहे. तथापि १९१४ च्या विध्वंसक कीटक कायद्याचा रोख आयात व वाहतुकीवर. आधीच रुजलेल्या तणाचे काय, याचे उत्तर त्यात शोधणे व्यर्थ. तो रद्द करून जैवसुरक्षा प्राधिकरण स्थापू पाहणारे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले.

कर्नाटकाने १९७५ मध्येच गाजर गवताला कायद्याने कीड ठरवले. परंतु असा कायदा जमिनीच्या ताबेदारावर जबाबदारी टाकतो आणि रस्त्याकडेचा ताबेदार बहुधा शासनच असते. शेतकऱ्याला नोटीस बजावता येते. महामार्ग प्राधिकरणाला तहसीलदाराने ती बजावावी, अशी अपेक्षा कोण करील? मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरूत सोडलेला भुंगेरा पावसाळ्यात पाने फस्त करतो, पण कोरड्या हंगामात सुप्तावस्थेत जातो. दरवर्षी ऑगस्टमध्ये होणारा जागृती सप्ताहही सात दिवसांचाच. निर्मूलनाची अट रस्ते देखभालीच्या कंत्राटातच, फुलोऱ्यापूर्वीच्या मुदतीसह, घालण्यास नव्या कायद्याची गरज नाही. तेवढे केंद्राच्या रस्ते मंत्रालयाला आजही करता येईल.