हेक्टरी ४० चं एकरी ४० कोणी केलं?

उन्हाळी कडवळ पेरायची वेळ आली की आपल्या निफाड-सिन्नरकडं एकच सल्ला ऐकू येतो: "दाट फोका, एकरी ४० किलो तरी पाहिजेच." शेजारी सांगतो, दुकानदार मान डोलावतो, आपण पिशव्या उचलतो.

राहुरी विद्यापीठाची चाऱ्याच्या ज्वारीला ४० किलोची शिफारस आहे, खरंय. पण ती हेक्टरी! एकराला होतात १६ किलो. वरचे २४ किलो कोणाच्या भल्यासाठी?

हिशेब करा. हजार दाणे साधारण ३० ग्रॅम धरले तर १६ किलोत सव्वापाच लाख दाणे. पाभरीनं ३० सेंमीवर पेरलं तर ओळीत फुटाला १२ दाणे, म्हणजे इंचाला एक. याला पातळ म्हणायचं? दाण्याच्या रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो पुरतं. चाऱ्याला आधीच चौपट धरलंय.

"दाट असलं की ताट बारीक राहतं, गाय बुडख्यासकट खाते." कबूल. विरळ कडवळाची ताटं जाड होतात, गव्हाणीत उरतात, तणही माजतं. चौपट बियाणं त्याच्यासाठीच आहे. पण त्याच्याही अडीचपट टाकून काय मिळणार? पाणी तेवढंच, नत्र तेवढंच, ऊन तेवढंच. ताटं उजेडासाठी नुसती उंच पळतात, खालची पानं पिवळी पडतात, दुबळी रोपं मरतात आणि वळवाच्या एका वाऱ्यात सगळं लोळतं.

"उगवण कमी होते, म्हणून जास्त टाकतो." मग ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासा ना! आणि फोकण्यापेक्षा पाभर धरा, दाणा सारख्या खोलीवर पडतो.

खरा धोका पुढं आहे. एप्रिलात विहीर तळाला गेली की दाट कडवळ आधी माना टाकतं. "वाळण्यापेक्षा कापू" म्हणून गुडघ्याएवढं असतानाच गाईपुढं टाकलं जातं. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत धुरीन जास्त असतं, त्याचं पोटात विष होतं. किराळ लागली तर डॉक्टर येईपर्यंत गाय हातची जाते. कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्यावरच कापायचं, आणि तिथपर्यंत ते उभं राहायला प्रत्येक ताटाला जागा लागते.

पटत नसेल तर यंदा दोन सारे करा. एक १६ च्या हिशेबानं, एक नेहमीसारखा. खत-पाणी सारखंच. फुलोऱ्यात दोन्हीकडचा १० बाय १० फुटाचा तुकडा कापून काट्यावर ठेवा. गव्हाणीत उरलेलं पण मोजा. मग खाली कमेंटमध्ये आकडे टाका. पेंढ्यांचे फोटो नकोत, वजन सांगा. दूध वजनावर निघतं, पेंढ्यांच्या ढिगावर नाही.