पिग्मी, पासबुक आणि इंडेक्स

वडगावात मागाचा खडखडाट आणि पिग्मी एजंटची फेरी, दोन्ही रोजचं. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही पिग्मी सुरू केली. हातावर पोट असणाऱ्यांना ती सोयीची पडली.

इथल्या एका पतसंस्थेत हा हिशोब ॲक्सेसमध्ये आहे. हजार खाती, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला तीन लाख नोंदी! एका खात्याचा उतारा काढायला दोन-दोन मिनिटं लागत. मुलीच्या लग्नासाठी पिग्मी मोडायला आलेले विणकर मामा अर्धा दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे. मॅनेजर नवे कॉम्प्युटर घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा की जरा.

इंडेक्स नसला की कॉम्प्युटर पहिल्या नोंदीपासून शेवटापर्यंत वाचत जातो. त्यात ॲक्सेसला वेगळा सर्व्हर नसतो. फाइल आतल्या खोलीत आणि शोधणारा काउंटरवर, म्हणजे सगळं टेबल वायरीतून ओढून आणायचं. इंडेक्स म्हणजे शब्दकोशासारखी क्रमाने लावलेली यादी. दरवेळी निम्मा भाग सोडत गेलात, तर तीन लाखांतलं एक खातं जास्तीत जास्त १९ वेळा बघून सापडतं. बायर आणि मॅक्रेट या दोघांनी बोइंगमध्ये असताना मांडलेल्या बी-ट्री रचनेत तर डिस्कवरची मोजकीच पानं उघडावी लागतात.

करायचं काय? आधी फाइलची कॉपी काढा, सगळ्यांना बाहेर पडायला सांगा. मग डिझाइन व्ह्यूमध्ये खाते क्रमांक आणि तारीख मिळून एक इंडेक्स. डुप्लिकेट्स चालतील असंच ठेवा. उत्साहाच्या भरात सगळ्या फील्डना इंडेक्स लावू नका. प्रत्येक नवी नोंद प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते आणि संध्याकाळी एजंटांचा भरणा रखडतो. रकमेवरून कोण शोधतं?

नावाचं मात्र अवघड. 'पाटील'च्या आधी स्टार टाकलात की इंडेक्स निरुपयोगी, कारण शब्दाची सुरुवातच माहीत नाही. स्टार नंतर टाका. तरी चौगुल्यांचं स्पेलिंग तीन ऑपरेटरांनी तीन तऱ्हेने केलेलं, त्याला इंडेक्स काय करणार? म्हणून काउंटरवरची मुलगी आता नाव विचारतच नाही. "मामा, पासबुकावरचा नंबर सांगा की," म्हणते.