पत्ता विचारायला शिका!

'सेगमेंटेशन फॉल्ट' आला की आपल्या लॅबमध्ये दोनच उपाय चालतात: जागोजागी प्रिंटएफ पेरा, नाहीतर शेजारच्याचा कोड उचला! मित्रांनो, लिनक्सवर जीसीसीला लागणाऱ्या बिनयूटिल्समध्येच 'ॲडरटूलाइन' ही छोटी कमांड असते. 'मायनस जी' आणि 'मायनस नो-पीआयई' लावून कंपाइल करा. प्रोग्राम कोसळला की कर्नलच्या लॉगमधला इन्स्ट्रक्शन पॉइंटरचा आकडा तिला द्या. फाइलचं नाव आणि ओळ नंबर हातात! 'मायनस जी' विसरलात तर मात्र नुसती प्रश्नचिन्हं.

अर्थात ती कोसळल्याची जागा सांगते, कारण नाही. नल पॉइंटर आला कुठून, हे आपणच शोधायचं. म्हणूनच मला वाटतं, ही कमांड पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवावी. उचललेल्या कोडवर सबमिशन निघेल हो, पण डीबगिंग कधी शिकणार?