तेल त्यांचे, घाण आमच्या शेतात



तेलाच्या विहिरीतून नुसते तेल येत नाही. तेलाच्या थरात लाखो वर्षे कोंडलेले खारे पाणीही येते. विहीर जुनी होते तसे तेल घटते, पाणी वाढते. कित्येक ठिकाणी ते समुद्राहून खारट असते आणि त्यात बेंझिनसारखे विष असते. शिवाय ड्रिलिंगचा चिखल वेगळाच.

खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याला खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यायला नको. सोडियम काळ्या मातीत शिरला की कणांची घडण मोडते, निचरा थांबतो, जमीन चोपण होते. जिप्सम टाकूनही ती सुधारायला वर्षे जातात.

या घाणीवर उपाय नाही असे नाही. पाणी पुन्हा खोल थरात दाबून सोडता येते. चिखलासाठी अस्तराचा खड्डा करता येतो. त्याला पैसे पडतात, एवढेच.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये टेक्साको कंपनीने १९७२ पासून तेल काढले आणि हेच पैसे वाचवले. अब्जावधी लिटर खारे पाणी ओढ्यांत सोडले, तेलकट चिखल बिनअस्तराच्या शेकडो खड्ड्यांत टाकला. लोक त्याच ओढ्यांचे पाणी पीत होते. सरकारी कंपनी यात भागीदार होती. थोडी साफसफाई झाल्यावर १९९८ साली सरकारने टेक्साकोला जबाबदारीतून मोकळे करून टाकले! २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने अब्जावधी डॉलरची भरपाई ठोठावली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो निकाल वकिलाने लबाडीने मिळवल्याचे ठरवले. वकिलाने लबाडी केली असेल तर वकिलाला धरा. ओढ्यात घाण काही वकिलाने सोडली नव्हती.

हा हिशेब आमच्या ओळखीचा आहे. दीडपट भाव काढताना सरकार जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचे व्याज खर्चातून गाळते. तेलवाले घाणीचा खर्च गाळतात. गाळलेला खर्च नाहीसा होत नाही, तो शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

आपल्याकडे काय? जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने तेल-वायू शोधण्यासाठीच्या ड्रिलिंगला जनसुनावणीतून सूट दिली. त्याच वर्षी २७ मे रोजी आसामात बागजानची वायूविहीर फुटली. ९ जूनला पेट घेतला, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. आग विझायला नोव्हेंबर उजाडला. विहीर उत्पादनातली होती, शोधाची नव्हती. पण जमिनीखालचा दाब सरकारी वर्गवारी वाचत नाही.

आम्ही तेलाच्या विरोधात नाही. आमचेही ट्रॅक्टर डिझेलवरच चालतात. मागणी साधी आहे. ड्रिलिंगआधी शिवारातल्या माती-पाण्याची तपासणी करून निकाल ग्रामसभेच्या हाती द्या. किती खारे पाणी निघाले, कुठे गेले, ते दरमहा फळ्यावर लिहा. आणि सफाईची रक्कम आधी बँकेत ठेवा, मगच पहिला पाइप जमिनीत घाला.

शेतकऱ्याला मोठे पीककर्ज देताना तारण लागते. शेतकऱ्याची जमीन धोक्यात घालणाऱ्याकडून तारण का नको?