बेसमेंटमधलं गाणं

परदेशात चार मराठी टाळकी जमली की गाणं होतंच. जेवणं आटोपली की कुणीतरी कराओकेचा माईक काढतो आणि त्याच पंधरा-वीस गाण्यांचं आवर्तन सुरू होतं. ती गाणी मलाही प्रिय आहेत, तक्रार नाही. पण गेली काही वर्षं न्यू जर्सीत एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही पाच जण स्वतःच गाणी रचून रेकॉर्ड करतोय, आणि आता माझं ठाम मत झालंय: इथल्या मराठी मंडळींनी जुनी गाणी थोडी कमी गावीत आणि स्वतःची कच्चीपक्की जास्त करावीत.

"तुम्ही काय प्रोफेशनल आहात का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही हो! आमच्यातली एक दंतवैद्य आहे, बाकीचे आयटीवाले. सामान म्हणाल तर एक लॅपटॉप, दोन माईक आणि एक छोटा ऑडिओ इंटरफेस. ऑडासिटी २००० सालापासून फुकट मिळतंय. आमच्याच राज्यातल्या कोल्ट्स नेकमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घरीच काही गाणी रेकॉर्ड केली. पुढे बँडबरोबर तीच वाजवून पाहिली, पण शेवटी 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली ती घरातली कॅसेटच. आता आम्ही स्प्रिंगस्टीन नव्हे हे मान्य. पण सामान नाही ही सबब त्याच वर्षी संपली.

अडचणी वेगळ्याच असतात. फ्रिज आणि हीटिंग बंद केल्याशिवाय टेक घेता येत नाही (आणि नंतर फ्रिज चालू करायचं लक्षात ठेवावं लागतं!). गायिकेला कपड्यांच्या क्लोझेटमध्ये उभं करायचं, कारण लटकवलेले कोट आवाजाचे पडसाद छान शोषून घेतात. तबला गायिकेच्या सुरात लावायचा, दायाँ-बायाँला वेगवेगळे माईक. सर्वांत मोठी कटकट म्हणजे क्लिक. मैफलीत लय किंचित चढली तर रंगत येते, पण क्लिकवर ती चढूच शकत नाही. यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी राजकारणावरही झाली नसतील.

मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्यासाठी उत्तर शब्दांत आहे. जुन्या गाण्यांत प्राजक्त आहे, पाणवठा आहे. रविवारी रात्री साडेआठला आईला केलेला फोन, तिच्याकडे उजाडलेली सोमवारची सकाळ, बर्फ उपसून भरून आलेले खांदे, एडिसनमधलं किराणा दुकान, हे त्यांत कुठून असणार? ते आपणच लिहायला हवं. आमची मुलं जुनी गाणी मोठ्यांचा मान राखावा तशी ऐकतात. पण रूट वनच्या ट्रॅफिकवरचं आमचं बेसूर गाणं गाडीत बसल्यावर आपणहून गुणगुणतात, आणि मराठीत! वर्गात बसवूनही जे जमलं नव्हतं, ते असं झालं.

ऐकतं कोण, म्हणाल तर खरंच फार कुणी नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला एक छदामही मिळत नाही. आमच्या एकाही गाण्याने तो आकडा गाठलेला नाही. नसेना का!

दोन वर्षांपूर्वी आमच्या तबलजीची व्हिसाची मुदत संपली. महिन्याभरात घर आवरून तो पुण्याला परतला. इंटरनेटवरून एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, पण आवाज पोचायला लागणाऱ्या उशिरात ठेका टिकत नाही. आता तो तिकडे वाजवून फाइल पाठवतो, आम्ही इकडे त्यावर गातो. काम होतं. पण समोरासमोर बसून, एकमेकांकडे बघत घेतलेल्या सहा टेक्समध्ये जे आहे, ते या फाइलींत नाही. एका टेकमध्ये सम चुकल्यावरचं त्याचं हसणंही आलंय. ते आम्ही कापलेलं नाही.

परदेशातली मैत्री ही अशी मुदतीची असते. कुणाचा व्हिसा, कुणाची नोकरी, कुणाचे आईवडील... पुढच्या वर्षी हीच पाच माणसं एका खोलीत असतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून सांगतो, येत्या शनिवारी कराओके राहू द्या. दोन ओळी लिहा, चाल लावा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. बेसूर झालं तरी चालेल.