घराण्यातील रोग लपवावा काय?

एखाद्या घरी बाप चालताना झोकांड्या खाऊ लागतो. लोक त्यास दारूडा म्हणून हिणवितात. पुढे त्याची वाचा अडखळते, आणि काही वर्षांनी मुलाचीही तीच गत होते. अशा वेळी आपल्या पेठच्या डोंगरपट्टीत पुष्कळांस आधी भगत आठवतो, डॉक्टर मागाहून. कोणी त्यास पूर्वजांचा शाप म्हणतात; कोणी मुलांची लग्ने अडतील या भीतीने ब्रही काढीत नाहीत. हे मौन आम्हांस रोगाइतकेच घातक वाटते.

मेंदूच्या अशा एका आनुवंशिक रोगाची ओळख आपल्या मुंबईतच पटली. डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांनी नऊ कुटुंबांची पाहणी केली. रोग्यांचा तोल तर जाईच. पण त्यांची नजरही एका वस्तूवरून दुसरीकडे फार मंद गतीने वळे. हे वर्णन त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. १९९६ साली या रोगाचे मूळ असलेला जनुकातील दोष सापडला. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. यात शाप कोठे आला?

या रोगावर रामबाण उपाय अद्याप नाही, हे खरे. तथापि निराश होण्याचे कारण नाही. विल्सनच्या रोगात यकृतात व मेंदूत तांबे साचते. १९१२ साली त्याचे वर्णन झाले तेव्हा तो प्राणघातकच होता. १९५६ साली इंग्लंडच्या डॉ. वॉल्श यांनी ते तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. आता एका मुलास हा रोग आढळला की त्याच्या भावंडांचीही तपासणी करतात, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू करून त्यांचा मेंदू वाचविता येतो. परंतु घरच्यांनीच आजार लपविला, तर ही तपासणी व्हावी कशी?

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, घराण्यातील आजार डॉक्टरांपुढे निःसंकोचपणे सांगावा. आणि सोयरीक जुळविताना, विशेषतः मामेआतेभावंडांत, तो विचारात घ्यावा. विद्यार्थिमित्रांनो, आजीआजोबांजवळ बसून तीन पिढ्यांचे आजार एका वहीत लिहून ठेवा. ज्याची चाल डळमळते त्यास हसू नका. त्या नऊ कुटुंबांनी आपले दुःख लपविले असते, तर वाडियांच्या विद्वत्तेचा काय उपयोग झाला असता?