नेट दाराशी आलं, पण घरात आलं का?

मैत्रिणींनो, खालच्या नळाला पाणी आलं म्हणजे वरच्या मजल्यावरची बादली आपोआप भरली, असं आपण कधी समजत नाही. पाइप लागतो, कधी पंपही लागतो. पण इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, हॉलमध्ये टीव्हीशेजारी राऊटर बसला, की झालं, आता घरभर नेट, असं मात्र आपण खुशाल धरून चालतो!

आमच्या शेजारच्या वहिनींचं असंच झालं. बोरिवलीच्या गोराईतली आमची घरं तुम्हाला ऐकून माहीत असतील. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली जो प्रकल्प सुरू झाला, त्यात चारकोप, गोराई या भागांत म्हाडाने लहान लहान भूखंड आखून दिले. रस्ते, पाणी, गटारं यांची सोय प्रकल्पातून झाली. घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. त्यामुळे बरीच घरं अरुंद, भिंतीला भिंत लागलेली, आणि संसार वाढेल तशी वर चढत गेलेली. खाली हॉल-स्वयंपाकघर, वर एक खोली, तिच्यावर आणखी एक.

वहिनी तीन-चार दुकानांचे हिशेब घरी बसून लिहितात. संगणक सर्वांत वरच्या खोलीत, कारण खाली टीव्ही आणि पाहुण्यांची वर्दळ. महिन्याची वीस तारीख आली की जीएसटीचं विवरण भरायचं, आणि नेमकं तेव्हाच नेट जायचं. मग रात्री साडेदहाला हिशेबाच्या वह्या काखोटीला मारून खाली यायचं आणि टीव्ही बंद व्हायची वाट बघत बसायचं. एकदा भरणा बाराच्या पुढे गेला. विलंब शुल्क वहिनींनी स्वतःच्या कमाईतून दिलं. मला म्हणाल्या, “ताई, सोडूनच देते हे काम. घरात सगळ्यांचं नेट चालतं, माझंच चालत नाही.”

हे वाक्य मला फार लागलं. म्हटलं, “वहिनी, काम सोडायचं नाही. आधी दोष कुठे आहे ते बघू.”

दोष कंपनीचा की घराचा?

पहिली गोष्ट ही करा. लॅपटॉप खाली राऊटरजवळ न्या, लॅनच्या वायरने थेट जोडा आणि वेग तपासा. तिथेच कमी भरला तर कंपनीला फोन करा. तिथे पुरेसा असेल आणि वर मिळत नसेल, तर दोष घरातल्या वाटेचा. वहिनींकडे खाली वेग उत्तम होता. म्हणजे जास्त पैशांचा प्लॅन घेऊन काहीही फायदा झाला नसता!

वायफायच्या लहरींना सळ्या घातलेला काँक्रीटचा स्लॅब फार जड जातो. वहिनींच्या घरी असे दोन स्लॅब मध्ये. त्यातून राऊटर लोखंडी कपाटाच्या आड. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, मोठा आरसा ही लहरींची शत्रू मंडळी. राऊटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसतात. २.४चं वायफाय भिंतींतून जरा लांब जातं, पण हळू. ५चं वेगवान, पण भिंतीपाशी दमतं. शिवाय २.४ची वाट गर्दीची. २००५ सालापासून ती आपल्याकडे बिनपरवाना खुली आहे, त्यामुळे भिंतीला भिंत लागलेल्या घरांत शेजाऱ्यांचेही राऊटर तिच्यावरच बोलतात. आपला मायक्रोवेव्हसुद्धा जवळपास त्याच लहरींवर चालतो. दूध गरम करायला ठेवलं की मुलीचा तास अडखळतो, तो यामुळे.

बसणाऱ्याला वायर, हिंडणाऱ्याला वायफाय

एवढं एक सूत्र लक्षात ठेवा. जे यंत्र एका जागी बसून असतं, म्हणजे टेबलावरचा संगणक, टीव्ही, प्रिंटर, त्याला शक्यतो वायर द्या. फोन, टॅब, लॅपटॉप घरभर हिंडतात, त्यांना वायफाय. बसणारे वायरवर गेले की हिंडणाऱ्यांची वाटही मोकळी होते.

आम्ही राऊटरपासून जिन्याच्या कडेने पट्टीतून एक वायर वरच्या खोलीत नेली. वायर घेताना ‘कॅट ६’ मागा आणि आत शुद्ध तांब्याची तार आहे ना, विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती मोडते लवकर. अशी वायर शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा घरात लांबीची चिंता नको. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ती घालू देऊ नका. तिची पट्टी वेगळी हवी. बाहेरच्या भिंतीवरून न्यायचीच झाली, तर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून पडेल, घरात येणार नाही. आमच्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेने पितळेच्या कड्यासुद्धा हिरव्या पडतात, म्हणून जोड नेहमी घराच्या आतच ठेवावा.

टोकाला बसवतात त्या प्लगमध्ये आठ तारा असतात. नेहमीचा क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. वायरमन काम करत असेल तेव्हा हा कागद हातात धरून शेजारी उभ्या राहा. चुकून एखादी तार सुटली, तर कधी नेट चालतच नाही, कधी चालतं, पण रखडत चालतं, आणि दोष सापडता सापडत नाही.

एका घरात दोन चुली

वायर वर गेली, संगणक पळू लागला. वर फोनही चालावेत म्हणून वहिनींच्या भाच्याने जुना राऊटर आणून त्या वायरीला जोडला. नेट आलं, पण खालचा प्रिंटर वरून दिसेना! दोघंही रविवारभर डोकं धरून बसले.

कारण साधं होतं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो आणि त्या नंबरावरून यंत्रं एकमेकांना ओळखतात. दुसरा राऊटरही आपले वेगळे नंबर वाटू लागला. एका घरात दोन चुली झाल्या, मग वरच्यांना खालची भांडी कशी दिसणार? उपाय असा: दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्यातलं ‘डीएचसीपी’ बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवा आणि खालून आलेली वायर त्याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपणच इकडून तिकडे जातो. चूल एक झाली आणि वहिनींचा कागद खाली खडखड छापून आला!

किल्ली कुणाकडे?

राऊटरचे पासवर्ड दोन. एक वायफायचा, दुसरा सेटिंग उघडण्याचा. दुसरा कारखान्यातून आलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेच्या जागी ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘३’ निवडा. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय सुरू करता येतं. तिथे चूल वेगळी असलेलीच बरी. आणि दोन्ही पासवर्ड घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवा. मुलगा परगावी आणि यजमान कामावर असले, की नेट बंद पडल्यावर आपण हात जोडून बसायचं, असं नको.

वायर आणायच्या आधी एक कागद घ्या. घरातलं कोण, कुठे बसून, काय काम करतं ते लिहा. त्यात स्वतःचं काम लिहायला विसरू नका हं! वहिनींच्या घरी चार माणसांची यादी झाली होती, पाचवं नाव मी घातलं. वायर निघाली ती त्या पाचव्या नावासाठीच.

गेल्या वीस तारखेला वहिनींनी संध्याकाळी सहालाच विवरण भरलं आणि खाली येऊन सगळ्यांबरोबर टीव्ही पाहिला.